तुलना करा (पाच गुण)

छापखान्यात दोन प्रश्नांची शेपटं एकमेकांत अडकली
आणि पेपरात आलं :
प्र. ४ (ब) पाणभुंगा व हंसराज नेचा यांची तुलना करा.

एक्केचाळीस पोरांनी जागा कोरी सोडली.
दोघांनी हंसराज हा कुणी राजा असावा असं धरून
त्याच्या बाजूनं निकाल दिला.
तुळसा बेंडकोळीनं पट्टीनं मधोमध रेघ मारली.
अंजनेरीच्या पायथ्याची पोर,
तिनं दोघांनाही पाहिलं होतं, एकाच टाक्यावर.

भुंगा पंखांखाली हवा भरून बुडी मारतो,
कामावर जाताना डबा न्यावा तसा.
हवा संपली की वर येतो, तोही उलटा,
बूड आधी बाहेर.
हंसराज ठिबकत्या कातळाखाली राहतो
आणि भिजत नाही.
थेंब पानावर येतो, बसायला जागा बघतो, घरंगळतो.
म्हणजे पाण्यात राहून कोरडं कसं राहायचं
हे दोघांनाही येतं.
(साम्य, असं तिनं समासात लिहिलं. खाली दोन रेघा.)

भुंग्याला सहा पाय, मागचे दोन वल्ह्यांसारखे.
हंसराजाला पाय नाहीत, पण तो चालतो :
पानाचं टोक वाकून मातीला टेकतं,
तिथं मूळ फुटतं,
पुढचं पाऊल म्हणजे पुढचं झाड.
आमच्या टाक्यापासून उंबरापर्यंत
तो तीन वर्षांत आलाय.

भुंग्याची अळी बेडकाची पिल्लं खाते.
हंसराज कुणाला खात नाही.
पानाची कड आत दुमडून घेतो, पदराला टीप घालावी तशी,
आणि त्या टिपेत आपली भुकटी सांभाळतो.

बाई वर्गात म्हणाल्या होत्या,
नेच्याच्या नराला मादीकडे पोहत जावं लागतं,
थेंबभर पाण्यातून.
तर पोहणारे दोघेही.
एक जन्मभर,
एक आयुष्यात एकदाच, कुणाला दिसणार नाही इतकं.

बाई म्हणजे मी.
ते वाक्य मी घंटा झाल्यावर, डस्टर शोधता शोधता बोलले होते.

शेवटचा रकाना : पाणी आटल्यावर.
भुंगा रात्री उडून जातो. कुठं, ते माहीत नाही.
हंसराज तिथंच वाळतो. नुसते काळे देठ उरतात, तारेसारखे.
त्याखाली, कोरा हात ओढल्यासारखी एक ओळ :
कोणाचं बरोबर, ते प्रश्नात विचारलेलं नाही.

विद्यापीठाचं पत्र आलं.
प्रश्न सदोष, सर्वांना सरसकट पाच गुण द्यावेत.
मी दिले. कोऱ्या जागेला पाच, राजाला पाच,
तुळसालाही पाच.
लाल पेन तिच्या रेघेवर जरा जास्त वेळ टेकलं,
तिथं ठिपका पडला.

चैत्रात अंजनेरीला गेले.
टाक्याच्या तळाशी हिरवट भेगा,
कपारीत तारा. एक मोडून पाहिली, कडकन वाजली.
तिची आई शेण कालवत होती.
तुळसा सातपूरला, म्हणाली, कंपनीत, रात्रपाळी.
उंबराकडे हात करून म्हणाली,
ते पाहायला आलात का? ते काय मरत नाही.
तिकडं वाळूनच असतं, असंच.

परतताना त्र्यंबक रस्त्याला पेट्रोलपंपावर थांबले.
पांढऱ्या दिव्यांत टपावर टक्कन काही पडलं.
पाणभुंगा. बोटाच्या पेराएवढा, कडेला पिवळी किनार.
डोकं खाली घालून
तो माझ्या गाडीत बुडी मारू पाहत होता,
सरकत होता, पुन्हा खाली डोकं,
मागची वल्ही रंगावर खरखर चालवत.

रंग काळा आहे.
घेताना शोरूममधला पोरगा म्हणाला होता,
मॅडम, हा घ्या, पाण्यासारखा दिसतो.